उशाशी की मनगटाशी

घड्याळ घालून झोपावे की काढून, हा प्रश्न शिवकालात कुणाला पडला असेल असे वाटत नाही. कारण त्या काळी आपल्याकडे घड्याळ पाण्यात असे. मोठ्या घंगाळात पाणी भरायचे आणि तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी त्यावर अलगद सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत शिरायचे, आणि वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची चोवीस मिनिटे. मग पाळीवरच्या माणसाने वाटी काढून रिकामी करायची, तासावर टोला द्यायचा आणि वाटी पुन्हा पाण्यात सोडायची. दिवसरात्र मिळून साठ वेळा. हे यंत्र मनगटाला बांधून निजायचे म्हटले असते तर निजणारा आधी नखशिखान्त भिजला असता आणि किती वाजले हा प्रश्न त्याच्या दृष्टीने गौण ठरला असता.

पण त्या काळीही घड्याळापायी कुणीतरी एक माणूस जागा असे, हे ध्यानात ठेवायला हवे. वाटी आपणहून बुडायची, आपणहून वर यायची नाही. बाकीचे गाव घोरत पडायचे ते त्या एका माणसाच्या जिवावर. त्याला डुलकी लागली तर गावाची वेळ तिथेच बुडून राहायची. त्याचे नाव इतिहासात नाही. राजांच्या झोपेबद्दल बखरींतून वाचायला मिळते, वाटीवाल्याच्या झोपेबद्दल कुणी लिहिलेले नाही.

आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना या वाटीचे अगत्य असणे साहजिक आहे. आमचे गाव भांड्यांचे. ११०० सालच्या रतनपूरच्या एका शिलालेखात गावाचे नाव ‘भाणारा’ असे येते, आणि भाण म्हणजे पितळेचे भांडे, असे गावातला कुठलाही माणूस न विचारता सांगतो. पुढे स्टील आले आणि पितळेच्या धंद्याची घटका भरली. ही घटका म्हणजे तीच वाटी. आजही आपण ‘घटकाभर थांब’ म्हणतो तेव्हा समोरच्याला एक वाटी बुडेपर्यंत थांबायला सांगत असतो. बँकेत मी हे दिवसातून पंधरा वेळा म्हणतो. समोरचा माणूस चोवीस मिनिटे थांबतोही. त्यानंतर मात्र त्याची भाषा बदलते.

या वाटीने केलेला सर्वांत मोठा घोटाळा महाराष्ट्रातच घडला, निदान आख्यायिकेत तरी. भास्कराचार्य, जन्म १११४, चाळीसगावजवळच्या पाटणशी त्यांचे नाव जोडलेले. मुलीच्या लग्नाची घटका साधायची म्हणून त्यांनी वाटी पाण्यात सोडली. नवरी मुलगी कुतूहलाने वाकून बघायला गेली, अंगावरचा एक मोती निसटला आणि वाटीत पडून नेमका भोकावर बसला. पाणी आत जाईना, वाटी बुडेना, आणि मुहूर्त कधी टळून गेला ते कुणाला कळलेच नाही. मग मुलीची समजूत काढायला बापाने तिच्या नावाने गणिताचे पुस्तक लिहिले. ती ‘लीलावती’, साल ११५०. मोडलेल्या लग्नावर गणिताच्या पुस्तकाचा उतारा देणारा बाप दुसऱ्या कुठल्या प्रांतात झाला असेल असे वाटत नाही. अर्थात ही कथा जगाला ठाऊक झाली ती अकबराच्या हुकमावरून फैजीने १५८७ मध्ये फारसीत केलेल्या भाषांतरामुळे, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. तेव्हा तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की घड्याळाला खेटून उभे राहणे माणसाला तेव्हाही मानवले नव्हते.

घटकेचे मिनिट केले ते रेल्वेने. १८८०च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे लोहमार्ग गेला. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि तो तिच्याकडे आला. भंडाऱ्याच्या वाट्याला स्टेशन आले ‘भंडारा रोड’ नावाचे, आणि ते आहे वरठीला. म्हणजे गाडी पकडायची तर आधी वरठी गाठायची. गाव एकीकडे आणि गाडी दुसरीकडे असली की माणूस आदल्या रात्रीच झोपेला मुकतो. वाटीच्या हिशेबात चोवीस मिनिटे इकडेतिकडे चालून जायची. गाडीच्या हिशेबात तेवढ्यात ती पुढच्या स्टेशनात असते. माझी अशी समजूत आहे की आपल्याकडे पहाटे दचकून उठण्याची पद्धत रेल्वेबरोबर आली. त्याआधी लोक नुसते उठत.

बरे, घड्याळ घेतले तरी ते लावायचे कोणत्या वेळेवर? मुंबईची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे, मद्रासची पाच तास एकवीस मिनिटे पुढे. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, मुंबई स्वतःच्या. राजाबाई टॉवरच्या घड्याळावरून तर सरकार आणि विद्यापीठ यांच्यात जुंपली होती. मद्रासची वेळ दाखवणार असाल तरच रात्रीच्या दिव्यांचा खर्च देऊ, असे सरकारचे म्हणणे. विद्यापीठ मुंबईच्या वेळेला चिकटून राहिले. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईकरांनी आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत काही सोडली नाही. आम्ही मध्यप्रांतात असल्यामुळे या भांडणात नव्हतो. पण भूगोल कुणाला सुटत नाही. प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर आणि भंडारा पावणेऐंशीच्याही अलीकडे, त्यामुळे आमचा सूर्य घड्याळापेक्षा अकरा मिनिटे मागे चालतो. आमच्या शाखेत एखादा अकरा मिनिटे उशिरा आला तर तो सूर्याला धरून आहे, असे मी मॅनेजरसाहेबांना एकदा सुचवून पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि हजेरीपट पुढे ओढला.

या प्रमाणवेळेतही लढाईच्या दिवसांत सरकारने हात घातला. १ सप्टेंबर १९४२ रोजी सगळ्या देशाची घड्याळे एक तास पुढे केली, ती १५ ऑक्टोबर १९४५ ला परत मागे आणली. ती तीन वर्षे घड्याळ घालून झोपणारा आणि काढून झोपणारा, दोघांनाही तासभर आधी उठावे लागले.

तोवर घड्याळ पाण्यातून निघून खिशात आले होते. मालगुजाराच्या जाकिटात साखळीचे घड्याळ असे. रात्री जाकीट खुंटीला लागे आणि घड्याळही जाकिटातच टिकटिकत राही. मालकाला पहाटे उठायचे असेल तर गडी उठवायला असायचाच. गड्याला कोण उठवायचे? कोंबडा. म्हणजे घड्याळ ज्याच्याजवळ असे त्याला त्याची गरज नसे, आणि ज्याला गरज असे त्याच्याजवळ कोंबडा असे. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. मालगुजारांच्या मालकीचे तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ ठरले. त्याचे लाडाचे नाव ‘मामा तलाव’. आमच्या जिल्ह्यातला अर्धाअधिक धान या मामांच्या भरवशावर, असे म्हटले तर कुणी रागावणार नाही. जाकिटातल्या घड्याळांचे पुढे काय झाले त्याचा हिशेब मात्र कोणत्याही सरकारी कागदात नाही.

खिशातले घड्याळ कमरेला आणले ते वर्धा जिल्ह्यात येऊन राहिलेल्या गांधीजींनी. खिसाच नसल्यावर दुसरा उपाय काय? त्यांचे झेनिथचे गजराचे घड्याळ १९४७ मध्ये कानपूर स्टेशनवर चोरीला गेले आणि काही महिन्यांनी खुद्द चोराने ते आणून दिले, हे प्रसिद्ध आहे. पहाटेच्या प्रार्थनेला उठणाऱ्या माणसाचे घड्याळ. चोराला बहुधा त्याच्या गजराचा कंटाळा आला असावा.

मनगटी घड्याळ ही मुळात बायकांची चीज. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत बायका ते दागिना म्हणून घालत आणि पुरुषमाणूस मनगटाला घड्याळ बांधणे बायकी समजत असे. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या शिपायाच्या लक्षात आले की एका हातात बंदूक असताना खिशातून साखळी ओढत बसता येत नाही. त्याने घड्याळ मनगटाला बांधले, आणि बांधले ते रात्रीही काढले नाही, कारण हल्ल्याची वेळ मिनिटामिनिटाने ठरलेली असे. माझ्या माहितीत घड्याळ घालून झोपण्याची चाल मोठ्या प्रमाणावर पाडणारी माणसे ही. त्यांना झोपेची हौस होती की घड्याळाची, हे विचारायची सोय नाही.

अंधारात काटे दिसावेत म्हणून त्यांवर रेडियमचा रंग देत. हा रंग देणाऱ्या अमेरिकेतल्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरून ओला करीत. त्यांना तसे शिकवलेले होते. पुढे त्यांच्या जबड्यांची हाडे कुजली, कित्येकजणी गेल्या. न्यू जर्सीतल्या पाचजणी कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या कुणाला तरी किती वाजले ते दिसावे, यासाठी हे सगळे. खऱ्या रेडियमचा रंग घड्याळांतून केव्हाच गेला. शब्द तेवढा आमच्याकडे शिल्लक आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे चमकणारी लाल पट्टी चिकटवतात तिला रेडियम म्हणतात, आणि ‘येथे रेडियमचे काम करून मिळेल’ अशी पाटी नागपूर रोडवर वाचली की मला त्या पाचजणी आठवतात.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ आले ते एच.एम.टी.मुळे. १९६१ मध्ये बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने कारखाना निघाला. जनता, पायलट, सोना, कांचन अशी नावे. आता योगायोग पाहा. हुंडाबंदीचा कायदाही १९६१ चाच. एकाच वर्षी सरकारने जावयाला द्यायची वस्तू काढली आणि जावयाला काही द्यायची बंदीही केली. दोहोंपैकी एकच गोष्ट चालली. कोणती ते त्या काळच्या लग्नाच्या कुठल्याही फोटोत नवरदेवाच्या डाव्या मनगटाकडे पाहिले की कळते. शर्टाची बाही मुद्दाम दोन बोटे वर घेतलेली असते.

ही घड्याळे चावीची. रोज चावी द्यावी लागे, आणि हातावर असताना चावी देऊ नये असे जाणकार सांगत, कारण बोट तिरके लागून चावीचा दांडा वाकतो. म्हणून घड्याळ दिवसातून एकदा तरी काढावेच लागे. घरोघर ती वेळ रात्रीच्या बातम्यांची. वडीलमाणसे घड्याळ काढून कानाला लावत, रेडिओच्या ठोक्यांशी काटा जुळवत आणि चावी देऊन ते कोनाड्यात ठेवत. तेवढी दोन मिनिटे घरात कुणी मोठ्याने बोलायचे नाही. घड्याळ काढले म्हणजे त्यांचा दिवस संपला, मग कुणी दार वाजवले तरी ‘सकाळी या’ असे आतूनच उत्तर जाई.

पण काही मनगटांवरचे घड्याळ उतरत नसे. पाळीवर जाणारा कामगार, रात्रीच्या गाडीचा प्रवासी, लग्नघरी मांडवात सतरंजीवर पडलेला पाहुणा. यातला पाहुणा चोराच्या भीतीने, बाकीचे वेळेच्या. आणि चौथे माझे मोठे काका.

काकांची साकोली तालुक्यात धानाची शेती. त्यांना लग्नात मिळालेल्या घड्याळाच्या तबकडीवर इंग्रजीत ‘१७ ज्वेल्स’ असे छापले होते. ज्वेल म्हणजे रत्न, हे गावच्या मास्तरांनी सांगितल्यावर सासऱ्याने जावयाला सतरा रत्ने दिली अशी गावभर बोलवा झाली. ती रत्ने म्हणजे आतली चाके घासू नयेत म्हणून बसवलेले कृत्रिम माणकांचे बारीक खडे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. काकांना मी सांगितले नाही. पावसाळी धान मामा तलावाच्या पाण्यावर निघायचा. उन्हाळी धानाला विहिरीवरचा पंप, आणि पंपाला वीज. वीज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने येई. रात्रीच्या पाळीला बाराला येणार म्हणजे साधारण बाराला; कधी पावणेबारा, कधी दीड. ती आली की लगेच मोटार चालू करायची, बांध्यांतून पाणी फिरवायचे आणि ती जाईपर्यंत धुऱ्यावर उभे राहायचे. एक रात्र झोप लागली तर शेत दोन दिवस मागे पडायचे, आणि एप्रिलमहिन्यात आमच्या भागात दोन दिवस म्हणजे पुष्कळ झाले.

तेव्हा काका घड्याळ घालून झोपत. १९९०च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरे अंगणात त्यांच्या खाटेशेजारी ओळीने झोपायचो. काकूची रोजची तक्रार असायची, ‘अजी, घडी तरी काढा हातातली. मले रातभर कानाखाली किटकिट आयकू येते.’ आमच्याकडे घड्याळाला घडी म्हणतात. काका कुशीवर वळून म्हणत, ‘लाईन का मले पुसून येते?’ मी एकदा शहाणपणाने विचारले की काका, उशाशी का नाही ठेवत? तर म्हणाले, ‘आरे बापू, उठलो का एका हाती बॅटरी आन एका हाती काठी. घडी का मंग तोंडात धरू?’

काठी सापासाठी. त्या रात्री किती शेतकरी धुऱ्यावर साप चावून जात ते आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाही.

खंदकातल्या शिपायाचे आणि काकांचे म्हणणे एकच होते, हे ध्यानात यायला मला अर्धे आयुष्य लागले. त्याच्या हातात बंदूक, यांच्या हातात काठी. तारुण्यातल्या शहाण्या पुस्तकांत वाचले होते की झोपताना घड्याळ काढावे, रक्ताभिसरण नीट राहते, त्वचेला वारा लागतो. त्यातले रक्ताभिसरणाचे तितकेसे खरे नाही. पट्टा करकचून आवळला नसेल तर रक्त थांबत नाही. त्वचेचे मात्र खरे आहे. आमच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, पट्ट्याखाली घाम साचून मनगट खाजते, पुरळ उठते. काकांच्या मनगटाला तसे कायमच होते. ते त्यावर खोबरेल लावत आणि घड्याळ अर्धा इंच वर सरकवत.

वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मी एकदा हिशेब केला. त्या काळच्या बऱ्याच चावीच्या घड्याळांत सेकंदाला पाच टिकटिक. आठ तासांच्या झोपेत एक लाख चव्वेचाळीस हजार. इतक्या नोटा मोजायच्या म्हटल्या तर आमच्या रोखपालाने रजा टाकली असती. काकू इतके ठोके रोज रात्री उशीवरून ऐकत होती, आणि तिलाही मधूनच उठून काकांना हलवावे लागे, ‘बारा वाजले जी.’ तिच्या हातात घड्याळ नव्हते. तिला कसे कळे, हे आम्ही कधी विचारले नाही.

२००९ मध्ये काका गेले. दवाखान्यात दाखल करताना नर्सबाईंनी घड्याळ काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, सांभाळून ठेवा. ते चालू होते. काकांच्या काळ्या हातावर पट्ट्याएवढी पांढरी जागा उघडी पडली होती; तिथे सुई टोचायला शीर चांगली सापडली. तीन रात्री ते झोपूनच होते. रात्री बाराच्या सुमारास डावा हात थोडा वर उचलून मनगट डोळ्यांसमोर आणत. मी जवळ वाकून म्हणत असे, ‘लाईन आली काका, मोटार सुरू केली.’ मग हात खाली जाई.

आता चावीची घड्याळे हौसेपुरती उरली. क्वार्ट्‌झ आले, टायटनची घड्याळे १९८७ मध्ये बाजारात आली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.चा घड्याळांचा उद्योग बंद करायला मंजुरी दिली. क्वार्ट्‌झला चावी लागत नाही, म्हणजे काढायचे कारणही उरले नाही. काढणारे काढत, न काढणारे न काढत. वीसेक वर्षे या प्रश्नाला कसलीच धार नव्हती. मग खिशात मोबाइल आला आणि काही दिवस तर मनगटच बेकार झाले.

प्रश्नाला पुन्हा जोर आला तो मनगटावरच्या नव्या पट्ट्यांमुळे. २००९ मध्ये फिटबिटचे पहिले यंत्र निघाले ते दिवसा कपड्याला अडकवायचे असे आणि रात्री झोपताना मनगटाच्या पट्टीत घालायचे. म्हणजे चाल उलटी झाली: दिवसा काढा, रात्री घाला. आता या पट्ट्या आमच्या शाखेत निम्म्या लोकांच्या हातावर आहेत. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो, त्यावरून नाडी मोजतात. हात किती हलला ते मोजतात. आणि दोहोंवरून तुम्ही किती झोपलात त्याचा अंदाज करतात. हा अंदाजच. खरी झोप मोजायची तर दवाखान्यात डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी टिपाव्या लागतात. पण अंदाजाला टक्केवारी दिली की तो निकाल होतो, हे बँकेत काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. एका सहकाऱ्याला रोज सकाळी बासष्ट टक्के पडतात. आमच्या वेळी बी.कॉम.ला बासष्ट म्हणजे पेढे वाटत. हा तोंड पाडून चहाला येतो. रात्री दीड वाजता उठून गाढ झोप लागली का ते पाहतो आणि मग उरलेली रात्र त्या काळजीत काढतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या दुखण्याला ऑर्थोसोम्निया असे बारशाचे नावही ठेवले.

माझ्या मुलाने मलाही तसा एक पट्टा आणून दिला. बायको म्हणाली, ‘अहो, झोपताना तरी काढा ते, दिवा डोळ्यावर येतो.’ मी तिला या विषयाचा सारा इतिहास सांगायला सुरुवात केली, घटिकापात्रापासून. भास्कराचार्यांपर्यंत आलो तेव्हा तिने आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. हातात बांगड्या होत्या. ‘या घालून मी पंचवीस वर्षं झोपते आहे,’ ती म्हणाली, ‘यावर तुमच्या इतिहासात काही आहे का?’ नव्हते. मी दिवा मालवला.

एक सोय मात्र जुन्यासारखीच राहिली आहे. या पट्ट्यालाही वीज भरावी लागते, त्यासाठी तो काढावा लागतो. चावीचे घड्याळ रात्री काढत, हा आंघोळीच्या वेळी काढतात. तेवढा वेळ माणूस बेहिशेबी असतो.

काकांची शेती आता चुलतभाऊ बघतो. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने २०१७ मध्ये सौर कृषिवाहिनी योजना काढली. काही गावांत सौर पॅनल उभे राहिले आहेत, इतर गावे वाट पाहत आहेत. त्याने मधल्या काळात पंपाला मोबाइलचा स्टार्टर बसवून घेतला. लाईन आली की त्याच्या फोनवर मेसेज येतो, अंथरुणातून बटण दाबले की मोटार सुरू. काठी नको, बॅटरी नको, घड्याळ तर त्याने कधी घातलेच नाही. मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. अंगणात त्याच खाटा. रात्री जाग आली तेव्हा तो उठून बसलेला दिसला. फोन उशाशी होता, त्यावर काही आलेले नव्हते. मी विचारले, का रे, काय झाले?

‘काही नाही दादा,’ तो म्हणाला, ‘बारा वाजले असतील.’

मी पाहिले. बाराला पाच कमी होती.